शोभेची झाडं आणि आपली शोभा

मंडळी, या शनिवारी थोडं भांडायचं आहे. विषय ऐकायला किरकोळ आहे: रंगीत पानांची झाडं. क्रोटन, कोलियस, अकालिफा, ड्रासिना, कॅलेडियम, रिओ वगैरे. सोसायटीच्या गेटपाशी, हापिसच्या लॉबीत, रस्त्याच्या दुभाजकावर जी लाल-पिवळी-जांभळी पानं दिसतात ना, ती. नर्सरीवाले त्यांना ‘शोभेची झाडं’ म्हणतात, आपणही म्हणतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. एकदा शोभेचं म्हटलं की ते झाड राहत नाही, सामान होतं. सामान मळलं की बदलायचं, काम संपलं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही ते मिसळ खायला मोकळे :) ही झाडं बहुवर्षायू आहेत. एकदा लावली आणि नीट राखली की वर्षानुवर्षं राहणारी. आणि आपण शिकलेली, चांगल्या पगाराची, ५ जूनला हिरवे फोटो टाकणारी माणसं त्यांना दसऱ्याच्या तोरणासारखी वापरतोय. तोरण एका दिवसाचं असतं हे निदान सगळ्यांना ठाऊक असतं. इथे मात्र आपण ‘गार्डन मेंटेनन्स’ म्हणून दर महिन्याला पैसे भरतोय.

मी राहतो शिरवण्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सायन-पनवेल हायवेच्या एका अंगाला शिरवणे गावठाण आणि त्याला चिकटून सिडकोचे सेक्टर, दुसऱ्या अंगाला टीटीसी औद्योगिक पट्ट्यातली एमआयडीसी. सिडको स्थापन झाली १९७० साली, महापालिका आली १९९२ ला, गाव या दोघांच्या कितीतरी आधीचं. त्यामुळे इथे दहा मिनिटं चाललं तर बागकामाच्या दोन वेगवेगळ्या पद्धती बघायला मिळतात, तिकीट न काढता.

गावठाणात अंगणं जवळजवळ संपली. घरांवर मजले चढले, गल्ल्या अरुंद झाल्या, दोन घरांमधून स्कूटर जेमतेम जाते. पण दारातल्या दोन पायऱ्यांवर रंगाच्या रिकाम्या बादल्या, तेलाचे पत्र्याचे डबे, फुटका माठ, आणि त्यात क्रोटन असतं. खोड मनगटाएवढं जाड झालेलं. पानं लांबट, पिळदार, पिवळ्यावर लाल शिंपडल्यासारखी. एका मावशींना विचारलं, कुठून आणलंत? म्हणाल्या, "आणलं कुठून? सासूने लावलेलं. वाढलं की कापते, कापलेलं दुसरीकडे खोचते." झालं. एवढंच त्यांचं हॉर्टिकल्चर.

आता पलीकडची, म्हणजे आपली पद्धत. आमच्या कॉम्प्लेक्सच्या प्रवेशद्वाराशी क्रोटनची रांग आहे. गेल्या वर्षभरात ती तीन वेळा बदलली गेली. टेम्पो येतो, जुनी झाडं उपटून गोणीत भरली जातात, नवी काळ्या पिशवीतली खाली उतरतात. घाई असेल तर पिशवी न फाडताच खड्ड्यात ठेवून वर माती लोटतात. मी खोटं बोलत नाही, उपटलेल्या झाडांच्या मुळांना पिशवी तशीच घट्ट आवळलेली होती. लहान मुलाला पहिलीतले बूट घालून दहावीपर्यंत चालवायचं आणि मग म्हणायचं, हा लंगडा आहे, दुसरा आणा!

यात ठेकेदाराला शिव्या घालणं सोपं आहे, पण तो फक्त आपण लिहिलेल्या कराराप्रमाणे वागतोय. करार काय म्हणतो? माळ्याचा पगार वेगळा, ‘रिप्लेसमेंट’चं बिल वेगळं. म्हणजे झाड जगलं तर ठेकेदाराला काही मिळत नाही आणि मेलं तर नवीन ऑर्डर मिळते. तुम्ही आयटीवाले आहात, जरा विचार करा. ज्या व्हेंडरला प्रत्येक बगमागे पैसे मिळतात त्याच्या कोडमध्ये बग कमी होतील का? अशा करारावर आपल्या कंपनीत कुणी सही करणार नाही. सोसायटीत मात्र हात वर करून मंजूर, पुढचा विषय पार्किंग.

साधा हिशोब मांडू. समजा शंभर झाडं, एका झाडाला दीडशे रुपये धरा, वर्षातून तीनदा बदललं तर पंचेचाळीस हजार. रक्कम मोठी नाही, मान्य. चारशे फ्लॅटमध्ये वाटली तर चहा-वड्याचे पैसे. म्हणूनच कुणी विचारत नाही. पण मला राग पैशाचा नाहीये. वर्षाला तीनशे जिवंत झाडं आपण कचऱ्यात टाकतो आणि त्यातली बरीचशी टाकताना मेलेली नसतात, याचा आहे.

हो, मेलेली नसतात. इथे जरा थांबून रंगीत पान म्हणजे काय ते बघू, कारण सगळा गुन्हा या अज्ञानात लपलेला आहे.

पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे. पिवळा-केशरी रंग कॅरोटिनॉइडचा, लाल-जांभळा बहुतेक वेळा अँथोसायनिनचा. क्रोटनचं कोवळं पान बऱ्याच जातींत हिरवट असतं आणि वय वाढेल, ऊन मिळेल तसं रंगत जातं. सावलीत ठेवलं की झाड कमी उजेडात पोट भरण्यासाठी हरितद्रव्य वाढवतं आणि लाल रंग कमी करतं. म्हणून लॉबीतलं क्रोटन महिन्या-दोन महिन्यांत मळकट हिरवं दिसायला लागतं. ते आजारी नाही, ते उपाशी आहे आणि उपाशीपोटी शहाणपणा करतंय. पांढऱ्या पट्ट्यांच्या पानात तर पांढऱ्या भागाला अन्न तयारच करता येत नाही, हिरवा भाग दोघांचं बघतो. म्हणून अशी झाडं हळू वाढतात. मधेच एखादी पूर्ण हिरवी फांदी फुटली तर ती बुंध्यापासून कापायची असते, नाहीतर ती कमावती फांदी जोमाने वाढून सगळ्या झाडावर चढून बसते. हे काम दोन मिनिटांचं, पण झाडाकडे बघणारा माणूस लागतो.

दुसरी गोष्ट. क्रोटनला जागा बदललेली आवडत नाही. नर्सरीच्या शेडनेटमधून उचलून एसीच्या झोतात किंवा थेट मे महिन्याच्या उन्हात ठेवलं की ते पानं टाकतं. धडाधड. चार दिवसांत नुसती काठी उरते. आपण म्हणतो, गेलं! अहो, गेलेलं नाही. नखाने खोडाची साल किंचित खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. उजेडात ठेवा, पाणी बेताचं द्या, बहुतेक वेळा काही आठवड्यांत फुटवे येतात. आमच्या गेटपाशी गोणीत भरलेल्या काठ्यांपैकी मी अकरा खरवडून बघितल्या. नऊ हिरव्या निघाल्या. सुपरवायझर म्हणाला, "सर, कमिटीला पानं पायजेत, काठी नको." त्याचं काय चुकलं?

सगळ्यात वाईट नशीब कॅलेडियमचं. ती गुलाबी-पांढरी, बदामाच्या आकाराची कागदासारखी पानं. अळूच्याच कुळातलं हे झाड, जमिनीत कंद असतो. थंडीच्या सुमाराला पानं पिवळी पडून जातात आणि कंद झोपतो. पावसाच्या तोंडावर पुन्हा कोंब येतो. गावठाणातल्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण अळूचं वागणं तिने लहानपणापासून पाहिलेलं असतं. आपण मात्र डिसेंबरमध्ये रिकामी कुंडी बघतो आणि कंदासकट माती ओतून देतो. झोपलेल्या माणसाला मेला समजून उचलायचं, असला प्रकार.

आता ही झाडं येतात कुठून तेही बघा. नवी मुंबईतल्या हायवेकाठच्या नर्सऱ्यांत जे दिसतं त्यातलं बरंचसं इथे वाढलेलं नसतं. पुण्याजवळ उरुळी कांचन-सोरतापवाडीचा पट्टा आहे, आंध्रात गोदावरीकाठी कडियमचा मोठा रोपवाटिकांचा भाग आहे, तिथून ट्रक भरून माल येतो. वजन कमी म्हणून बऱ्याचदा माती जवळजवळ नसते, नुसतं कोकोपीट. तिथे त्याला रोज मोजून पाणी आणि खत मिळत होतं. कोकोपीटमध्ये स्वतःचं असं अन्न जवळपास नसतं. तुम्ही ते घरी आणून तसंच ठेवता, वरून कोरडं दिसतं म्हणून पाणी ओतता, आतून ते चिखल झालेलं असतं, मुळं कुजतात. मग आपण जाहीर करतो, "माझा हात झाडांना लागत नाही." हात लागतो हो! पण पिशवीतून काढून माती, शेणखत आणि थोडी वाळू यांत लावल्याशिवाय ते झाड घरचं होत नाही, पाहुणाच राहतं. आणि पाहुण्याला किती दिवस प्रवासाच्या कपड्यांत बसवणार?

हापिसांची गोष्ट थोडी वेगळी आहे. बऱ्याच आयटी पार्कमध्ये झाडं भाड्याने येतात. ठरावीक दिवसांनी टेम्पो येतो, दमलेल्या कुंड्या परत नेतो, ताज्या ठेवतो. तुम्हाला वाटेल मी याच्यावर सगळ्यात जास्त चिडेन. उलट आहे. तिथे झाड व्हेंडरच्या मालकीचं असतं, मेलं तर तोटा त्याचा, म्हणून तो ते परत नेऊन उजेडात ठेवून बरं करतो. माझा मुद्दा यातूनच सिद्ध होतो की! ज्याच्या खिशाला झळ लागते तो झाड जगवतो. हापिसवाल्यांशी माझं भांडण एवढंच की ‘ही झाडं हवा शुद्ध करतात’ अशा पाट्या लावू नका. ही कथा आली १९८९ च्या नासाच्या एका अभ्यासावरून. तो प्रयोग छोट्या बंद पेटीत केलेला होता. २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले तेव्हा दिसलं की इमारतीत एरवी जेवढी हवा खेळते तेवढा परिणाम झाडांनी साधायचा तर दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील. म्हणजे तुमच्या क्यूबिकलमध्ये तुम्ही बसायचं की झाडांनी, ते ठरवा. रंगीत पान सुंदर आहे एवढं कारण पुरे नाही का? त्याला कामाला कशाला जुंपता?

‘लावणं’ आणि ‘राखणं’ यांतला हा फरक फक्त सोसायटीपुरता नाही. आपल्या राज्यात २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीची मोठी मोहीम झाली. २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा कोटी, २०१९ ला तेहेतीस कोटी अशी उद्दिष्टं होती. नंतर जगली किती यावरून विधिमंडळात वाद झाले. कोण खरं कोण खोटं या राजकारणात मला पडायचं नाही. मला फक्त एवढं दिसतं की लावलेल्याचा आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि जगलेल्याचा आकडा वादाचा विषय होतो. आपल्या कंपनीतही तेच. गो-लाइव्हच्या दिवशी केक कापतात. चार वर्षं ती सिस्टिम चालू ठेवणाऱ्या पोराचं नाव कुणाला आठवतं? अप्रेझलमध्ये त्याने ‘नवीन काय केलं’ असंच विचारतात.

आणि २०२३ मधली ती गुरुग्रामची बातमी आठवतेय? जी-२० साठी रस्त्यावर ठेवलेल्या कुंड्या एकाने आलिशान गाडीच्या डिकीत भरून नेल्या, व्हिडिओ फिरला, अटक झाली, देशभर आपण हसलो. चोरी ती चोरीच, समर्थन नाही. पण माझ्या डोक्यात तेव्हा एक प्रश्न आला: पाहुणे गेल्यावर अशा समारंभी कुंड्यांचं पुढे काय होतं, हे आपल्यापैकी कुणी कधी विचारलं? चोराला निदान ती झाडं घरी हवी होती :)

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांशी थोडं. हे माझे मित्रच आहेत, टेकड्यांवर जाऊन देशी झाडं लावतात, मनापासून काम करतात. त्यांचं म्हणणं, क्रोटन-बिटन विदेशी नखरे आहेत, उपटलेलेच बरे, देशी लावा.

यात अर्धं खरं आहे आणि ते मी आधी मान्य करतो. घाणेरी शोभेची म्हणूनच आली आणि आज डोंगर व्यापून बसली आहे. दुभाजकांवर हौसेने लावतात ती पिवळ्या फुलांची सिंगापूर डेझी हाताबाहेर पसरते. अशी झाडं लावू नयेत हे शंभर टक्के कबूल. रंगीत पानांच्या झाडांवर फुलपाखरांची फारशी गर्दी नसते हेही कबूल. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं, त्याच्या अळ्यांना लिंबाच्या कुळातली झाडं लागतात, क्रोटन नाही. म्हणून कुंड्यांच्या रांगेत एक लिंबू आणि एक कढीपत्ता हवाच.

पण ‘विदेशी’ हा शब्द जरा जपून वापरा राव. क्रोटन मूळचं मोलुक्का बेटं आणि आसपासच्या प्रदेशातलं. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीचा रुम्फियस नावाचा माणूस अंबोन बेटावर राहिला, मध्येच दृष्टी गेली तरी तिथल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ त्याने पुरा केला. तो त्याच्या मृत्यूनंतर, १७४१ पासून छापून आला. त्याने तिथल्या स्थानिक नावावरून दिलेलं ‘कोडिएम’ हेच आजही या झाडाचं शास्त्रीय नाव आहे. गंमत म्हणजे शास्त्रीय भाषेत खरा ‘क्रोटन’ म्हणजे आपला जमालगोटा, आणि आपण ज्याला क्रोटन म्हणतो तो क्रोटन नाहीच! कोलियस आशियाच्या उष्ण पट्ट्यातलं, आपण ज्याची भजी करतो त्या पानओव्याचं चुलत भावंड. मिरची, बटाटा, पेरू, पपई, झेंडू हे सगळे अमेरिकेतून आले. गुलमोहर मादागास्करचा. शिरवण्याच्या गल्लीत सासूने लावलेलं आणि सुनेने राखलेलं क्रोटन विदेशी, आणि काल ट्रकमधून उतरून महिन्याभरात वाळलेलं ‘देशी’ रोप पवित्र? माझा निकष साधा आहे. झाड रानात घुसून दुसऱ्याला मारत नसेल, आणि तुम्ही ते वर्षानुवर्षं राखणार असाल, तर ते तुमचं.

"बोलायला ठीक आहे, पण वेळ कुठे आहे?" हा पुढचा आक्षेप मला ऐकू येतोय. म्हणून रविवारची वीस मिनिटं कशी वापरायची ते सांगतो. हे सगळं नवी मुंबईच्या हवेसाठी आहे.

उजेड आधी, बाकी सगळं नंतर. क्रोटन आणि अकालिफा यांना रोज चार-पाच तास तरी ऊन. कोलियसला सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली. खिडकीच नसलेल्या कोपऱ्यात फार तर अ‍ॅग्लोनिमा तग धरेल, तेही हिरवं. तिथे क्रोटन ठेवणं म्हणजे छळ आहे.

पाणी बोटाने विचारून. मातीत दोन पेरं बोट घाला, कोरडं लागलं तर द्या. आपल्याकडे येणारं मोरबे धरणाचं पाणी रोज सकाळी सवयीने कुंडीत ओतायसाठी नाही. पावसाळ्यात कुंडीखालची थाळी काढून टाका आणि भोक मोकळं आहे ना ते बघा.

धूळ. एमआयडीसी आणि हायवे शेजारी असल्यावर पानांवर आठवड्यात थर बसतो. ओल्या फडक्याने पुसा किंवा फवाऱ्याने धुवा. चमक येण्यासाठी तेल किंवा कसलाही ‘लीफ शाइन’ फवारू नका, पानांची रंध्रं बुजतात. पानाच्या मागून पाणी मारलं की कोरड्या दिवसांत येणारी लाल कोळीही आटोक्यात राहते. कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाचं पातळ पाणी आणि निंबोळी तेल, दर आठवड्याला, तीन-चार वेळा. एकदा मारून सोडून दिलं तर उपयोग नाही.

खत बेताचं. महिन्यातून मूठभर गांडूळखत पुरे. नत्राचा मारा केला की पानं हिरवीगार होतात, आणि मग तुम्हीच म्हणता नर्सरीवाल्याने फसवलं.

आणि कात्री. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. कोलियसचा शेंडा खुडत राहा आणि तुरा दिसला की काढा, नाहीतर झाड लांबुडकं होऊन लवकर दमतं. क्रोटनची छाटणी पावसाच्या तोंडावर करा. कापलेल्या फांद्यांतून वीतभर तुकडे घ्या, डोळ्याच्या खाली काप द्या, खालची पानं काढा, पांढरा चीक वाहून सुकू द्या (हाताला लागू देऊ नका, काहींना खाज येते), मग वाळू-मातीत खोचा आणि सावलीत ठेवा. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. कोलियस तर नुसत्या पाण्याच्या ग्लासात आठवडा-दहा दिवसांत मुळं सोडतं. लहान मुलं किंवा मांजर-कुत्रं घरात असेल तर कॅलेडियम आणि डिफेनबाकिया उंचावर ठेवा, चावलं तर तोंड आणि घसा सुजतो.

यातलं काहीही अवघड नाही. ‘भाड्याचं घर आहे, अकरा महिन्यांचा करार आहे, झाडं कुठे लावत बसू’ असं म्हणणाऱ्यांना तर उलट हीच झाडं सोयीची. टेम्पोत कुंडी जागा अडवते असं वाटलं तर कुंडी शेजाऱ्याला द्या आणि चार फांद्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून लॅपटॉपच्या बॅगेत टाका. नव्या घरी तेच झाड. दुसरं सदृश झाड नव्हे, तेच, कारण फाट्यावरून वाढलेलं झाड म्हणजे मूळ झाडाचाच तुकडा. रंग तोच, पिळ तोच. गावठाणातल्या मावशींच्या सासूचं झाड अशा रीतीने किती दारांत पोचलं असेल, मोजायला गेलं तर गल्ली संपेल.

म्हणून माझी मागणी भावनिक वगैरे अजिबात नाही, करारातली आहे. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत बागेच्या ठेक्याचा विषय आला की पार्किंगकडे धावण्याआधी तीन कलमं घालून घ्या.

एक, रिप्लेसमेंटचं वेगळं बिल बंद. ठेकेदाराला महिन्याच्या पैशांतला काही भाग वर्षअखेरीला द्या, बारा महिन्यांनी जिवंत असलेली झाडं मोजून. पाऊस, पाइप फुटणे, मुलांचा क्रिकेटचा बॉल यांची सूट त्याला जरूर द्या, तोही माणूस आहे.

दोन, साल खरवडून बघितल्याशिवाय एकही झाड उपटायचं नाही. पानं गळालेल्या कुंड्यांसाठी गच्चीवर किंवा पंपाच्या खोलीमागे उजेडाचा एक कोपरा राखून ठेवायचा. पाहुण्यांना काठ्या दिसू नयेत ही कमिटीची अडचण तेवढ्याने सुटते.

तीन, जूनमधल्या छाटणीच्या फांद्या कचऱ्यात जाणार नाहीत. ज्याला हव्यात त्याने न्याव्यात, उरलेल्या सोसायटीनेच खोचाव्यात. पुढच्या वर्षीची रांग त्यातूनच उभी राहील.

आणि माळ्याला पाणी घालण्याचे पैसे देऊन वर ‘तुला काही येत नाही’ म्हणू नका. त्याला बहुतेक वेळा सगळं येत असतं, आपण त्याला ते करू देत नाही. आमच्याकडचा माळी नऊ हिरव्या काठ्यांतल्या चार स्वतःच्या खोलीवर घेऊन गेला. उरलेल्या पाच माझ्या बाल्कनीत आहेत आणि पाचही फुटल्यात. कमिटीला त्या परत हव्या असतील तर देईन, पण आधी कलम एक, दोन आणि तीनवर सही.

ता. क. : "एवढ्याशा क्रोटनवरून एवढं?" असं कुणी म्हणेलच. हो, एवढ्याशावरूनच. दोन पायऱ्यांवरचं एक झाड ज्यांना पाच वर्षं राखता येत नाही, त्यांनी सोसायटीच्या गेटवर ‘ग्रीन लिव्हिंग’ची पाटी लावू नये.